नुसती रॅम हो!

मी कुणाच्या घरात डोकावणारी बाई नाही. पण समोरच्याच खिडकीतून रात्री साडेबाराला कधी हिरवा, कधी जांभळा, कधी लालभडक उजेड यायला लागला तर माणसानं डोळे मिटून बसायचं का? मला वाटलं, गणपतीतली माळ काढायची राहिली असेल. पण मार्चमध्ये? दुसऱ्या दिवशी जिन्यात वहिनी भेटल्या. आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाल्या, "ह्यांनी कॉम्प्युटर अपग्रेड केलाय."

तिसऱ्या मजल्यावरचे भाऊजी! एकच स्कूटर एकवीस वर्षं वापरणारे, डाळीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणारे भाऊजी! आता मात्र काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत पंखे फिरवतायत.

सुरुवात अगदी सरळमार्गी होती म्हणे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा कारभार मायक्रोसॉफ्टनं गुंडाळला. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो, वर टीपीएम 2.0 नावाचं आणखी एक लचांड. भाऊजींचा प्रोसेसर चौथ्या पिढीतला, 2013 सालचा. "ते पुढचं पुढे बघू," भाऊजी म्हणाले, "सध्या मशीन रखडतंय, तर नुसती रॅम वाढवून आणतो." बायका "नुसतं बघून येते" म्हणत साडीच्या दुकानात शिरतात, त्यावर तीस वर्षं विनोद करणारा हाच माणूस बरं का!

तर डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण रॅम घ्यायला निघालेला माणूस पाटी कधी वाचतो? दुकानदारानं भाऊजींची जुनी पट्टी हातात घेतली, बाहेरच्या उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, डीडीआर थ्री? ये अब कौन लेता है?" असं चारचौघांत! भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार.

आणि इथून पुढे जे घडतं ते दर वेळी तस्संच घडतं. डीडीआर थ्रीची पट्टी डीडीआर फोरच्या खाचेत बसत नाही, फोरची फाइव्हच्यात बसत नाही. प्रत्येक पिढीला मधली चीर मुद्दाम थोडी सरकवून पाडलेली असते, चुकून कुणी कुणाच्या घरात शिरू नये म्हणून. म्हणजे नवी रॅम हवी तर नवा बोर्ड. नव्या बोर्डात जुना प्रोसेसर बसत नाही, म्हणजे नवा प्रोसेसर. तिघांचं एकत्र कुटुंब. एक हलला की तिघांचं सामान निघालं. दुकानदार ह्याला "कॉम्बो" म्हणतो आणि कॅलक्युलेटर पुढे सरकवतो.

इंटेलचं तर बोलूच नका. 2009 मध्ये 1156 टोकांचं सॉकेट काढलं. 2011 मध्ये 1155. एक टोक कमी! एकासाठी अख्खा बोर्ड बदलायचा. 2013 ला 1150, 2015 ला 1151. आणि कळस पुढेच. 2017 मध्ये आठवी पिढी आली, तीही 1151 वरच. नाव तेच, आकार तोच, टोकं तेवढीच. लोक हरखले, की चला, एवढ्या वेळी बोर्ड वाचला. तर कंपनी म्हणते, नाही नाही, हे वेगळं 1151, ह्याला 300 मालिकेचाच बोर्ड लागेल! एकाच नावाचे दोघे जण आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आमच्या गावाकडे असं कुणी केलं असतं तर पंचायत बसली असती.

त्या मानानं एएमडी बरी, असं पहिल्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा मुलगा सांगतो. त्यांचं एएम फोर सॉकेट वर्षानुवर्षं टिकलं. 2017 च्या कित्येक बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट करून 2022 चा प्रोसेसर चालला. पण त्यातही खोट निघालीच. त्या प्रोसेसरला खालून 1331 बारीक पिना. वरचा पंखा काढायला जावं तर वाळलेली पेस्ट अशी चिकटलेली की पंख्याबरोबर प्रोसेसरच उपटून हातात येतो. मुलाच्या मित्राचा आला. दोन पिना वाकल्या, त्या आईच्या भुवयांच्या चिमट्यानं सरळ करत बसला. आईला अजून पत्ता नाही. मी बोलणार नाही.

असो. भाऊजींनी इंटेल घेतला, आय फाइव्ह 12400 एफ. "एफ" स्वस्त पडतो म्हणे. का स्वस्त पडतो, हे विचारायचं नाही का माणसानं? घरी आणलं, मुलानं जोडलं, प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट घातली, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. अर्ध्या तासात निम्मी इमारत हॉलमध्ये. वहिनींनी दोनदा चहा टाकला. तळमजल्यावरच्या काकांनी रॅम काढून खोडरबरनं घासली, कारण आपल्याकडे 1998 पासून प्रत्येक कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय चालत आलाय. नवीकोरी रॅम हो! डब्यातून काढून तास झाला नव्हता. शेवटी मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घातल्याशिवाय चित्रच दिसणार नाही.

मग पुन्हा लॅमिंग्टन रोड, ग्राफिक कार्डासाठी. कार्ड आलं तर जुन्या एसएमपीएसला ते झेपेना. एसएमपीएस नवा आला तर जुनं कॅबिनेट त्याच्यापुढे "अगदीच कसंतरी" दिसायला लागलं. (हे भाऊजींचे शब्द. वहिनींच्या दिवाणखान्यातल्या फाटक्या सोफ्यासमोर बसून उच्चारलेले.) इतकं झाल्यावर विंडोज म्हणतं, मी तुम्हाला ओळखत नाही. जुनं लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. जुन्यातलं उरलं काय, तर माउस.

आणि मुहूर्त तरी कोणता साधावा? रॅमचे भाव आभाळाला भिडलेले असताना! जगातली जवळजवळ सगळी मेमरी तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांना आता एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांची गिऱ्हाइकी लागलीय, आपल्यासारख्यांना कोण विचारतो? मायक्रॉननं तर डिसेंबर 2025 मध्ये आपला क्रुशियल हा घरगुती ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर करून टाकलं. वहिनी पाटल्या ठेवतात त्याच खणात भाऊजींनी रॅमचा रिकामा डबा आणि पक्कं बिल ठेवलंय. वॉरंटीसाठी.

बरं, एवढा सहा कोअरचा, बारा थ्रेडचा प्रोसेसर करतो काय? मी मुद्दाम साखर मागायला गेले होते. सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब उघडा होता आणि मागे पत्त्यांचा डाव. पत्ते भराभर पडतात, हे मान्य करायला हवं.

भाऊजींची भाषाही बदललीय. वहिनी सवयीनं म्हणाल्या, "त्या सीपीयूवरची धूळ पुसते," तर हे म्हणाले, "अगं, सीपीयू म्हणजे आतला तो बिस्किटाएवढा तुकडा. हा डबा म्हणजे कॅबिनेट." पंचवीस वर्षं दोघंही त्या डब्याला सीपीयूच म्हणत आले होते. धूळ तेव्हापासून भाऊजी स्वतः पुसतात, रंगाच्या ब्रशनं. घरातला पंखा त्यांनी अजून एकदाही पुसलेला नाही.

आता ही साथ जिन्यानं खाली उतरतेय. दुसऱ्या मजल्यावर परवा मोठा खोका आला. विचारलं तर म्हणे, मिक्सर. मिक्सरच्या खोक्यावर ड्रॅगन असतो का?

आमच्याकडे तसलं काही नाही, देवाच्या दयेनं. आमचं मशीन जुनं आहे, थोडं तापतं, एवढंच. पंखा काढून पेस्ट बदलली की झालं, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून आज सकाळी सव्वानऊच्या गाडीनं हे ग्रँट रोडला गेलेत. नुसती पेस्ट आणायला. करंगळीएवढी नळी असते ती.

जाताना माळ्यावरची, गावाला नेतो ती मोठी पिशवी मात्र काढून घेऊन गेले.