लेकराच्या बॅगेत काकांचं औषध

नांदेड-लातूरकडची पोरं डॉक्टर व्हायला आता थेट त्बिलिसी, बिश्केक, ताश्कंदला जातात. लातूर पॅटर्नमध्ये दोन वर्षं घासायची, नीटमध्ये सरकारी जागा थोडक्यात हुकली की बापानं एकरभर रान विकायला काढायचं आणि लेकरानं विमानात बसायचं, हा आता घरोघरचा रिवाज आहे. सुट्टीला परत निघालं की फोन सुरू होतात. आई विचारते, जेवलास का. बाप विचारतो, निकाल कधी. आणि एरवी वर्षभर ज्यांचा आवाज ऐकू येत नाही ते काका बाजूला जाऊन हळूच विचारतात, "काय रे, येताना दोन बसतात म्हणे?"

बसतात. लिटर. काकांना नीटचा कटऑफ कधी सांगता आला नाही, पण भारत सरकारच्या सीमाशुल्क खात्याचे बॅगेज नियम त्यांना तोंडपाठ आहेत.

हे नियम मुळातून वाचावेत असेच आहेत. त्यांत तान्ह्या बाळाची व्याख्या केलेली आहे: दोन वर्षांपर्यंतचं. त्याला शुल्काशिवाय फक्त वापरातलं सामान आणता येतं, म्हणजे दुपटी, लंगोट, दुधाची बाटली. त्यापुढचा प्रवासी मात्र प्रवासी. त्याला दोन लिटर दारूची सवलत, आणि तिथं वयाचा उल्लेख नाही. शिवाय एकाची सवलत दुसऱ्याच्या नावावर धरता येत नाही, असंही बजावलेलं आहे. तेव्हा अक्षरावर बोट ठेवून वाचलं, तर बालवाडीतल्या चिरंजीवांचे दोन लिटर हे चिरंजीवांचेच. वडिलांनी त्याकडं बघायचंसुद्धा नाही. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरचा साहेब सोनं किती ग्रॅम ते विचारेल. वय कशाला विचारेल? त्याच्या कोष्टकात तो रकानाच नाही.

गंमत पुढं, रस्त्यावर आहे. लातूरचं लेकरू हैदराबादेहून जहिराबाद, बीदर, उदगीर असं येतं. वय धरा तेवीस. तेलंगणात दारूसाठी एकविसाची अट, म्हणजे जहिराबादला ते जाणतं. बीदरला कर्नाटकाच्या हिशेबानंही जाणतं. पुढं महाराष्ट्राची पाटी लागली की त्याच गाडीत, त्याच सीटवर, ते पुन्हा अजाण. आपल्याकडं माइल्ड बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस पूर्ण लागतात. नांदेडचं लेकरू तेलंगणातल्या मदनूरपर्यंत मोठं असतं आणि देगलूरच्या शिवारात शिरलं की लहान होतं. एकविसाव्या वर्षी ते सरपंच होऊ शकतं, बोहल्यावर चढू शकतं. पंचविसाव्या वर्षी आमदारकीला उभं राहू शकतं. म्हणजे आमदारकी आणि व्हिस्की या दोन्हींसाठी राज्यानं सारखीच परिपक्वता मानली आहे. यात मला तरी काही खटकत नाही.

२०११ साली राज्य सरकारनं व्यसनमुक्ती धोरणात पंचविशीची अट धरली, तेव्हा अभिनेता इम्रान खान उच्च न्यायालयात गेला होता. मराठवाड्याला जायची गरज पडली नाही. ज्याला वय विचारतात तो कोर्टात जातो. इथं दुकानदार सुट्टे पैसे मागतो.

तसा हा मुलूख नाक्यांना सरावलेला. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी लागायची. १९४७-४८ मध्ये, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात, आमच्या आजोबांच्या पिढीनं करोडगिरीचे नाके जाळले आणि निजामाचं अबकारी उत्पन्न बुडावं म्हणून शिंदीची झाडं तोडली. त्यातल्या कितीकांना अजून मिसरूड फुटायचं होतं. नाका पेटवायला वयाची अट नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. आज नाका आहे तो राज्य उत्पादन शुल्क खात्याचा. त्याच आजोबांचा नातू त्या नाक्यावरून जातो, आणि दोन जीन्समध्ये गुंडाळलेली बाटली खळखळू नये म्हणून श्वास धरून बसतो. महसूल दोघांनीही बुडवला. एकाला ताम्रपट मिळाला, दुसऱ्याला काका पाचशेची नोट देतात.

जून २०२५ मध्ये राज्यानं भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं. १८० मिलीची क्वार्टर, जी काही किमान लागते तीच, कमीत कमी २०५ रुपयांवर गेली. तेव्हापासून काकांना पुतण्याच्या परदेशी शिक्षणाचा फारच अभिमान वाटू लागला आहे.

आता कुणी म्हणेल, घरात बाटली ठेवायलाही परवाना लागतो की. लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. त्या कायद्यानुसार या राज्यात दारू कुणी मजेसाठी पीत नाही. आरोग्याचं जतन व्हावं म्हणून पितात, तसं परवान्यावर छापलेलं असतं. एका दिवसाचं आरोग्य विदेशी दारूनं सांभाळायचं तर पाच रुपये, देशीनं सांभाळायचं तर दोन. इतकं स्वस्त औषध आणायला काका स्वतः का जात नाहीत? कारण दुकानात गावातलं कुणी बघेल. सोयरे भेटतील. सप्त्याच्या कमिटीत नाव आहे. लेकराचं काय, लेकरू परदेशातून आलंय. सापडलं तर "संगतीनं बिघडलं" म्हणता येतं.

पोलिसांनी धरलं तर गुन्हा पोराच्या नावावर, बाटली मात्र एक दिवसही त्याच्या मालकीची नव्हती. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षात यकृत कसं बिघडतं ते शिकून आलेलं हे पोर, बिघडवायचं साहित्य स्वतःच्या बॅगेतून वाहून आणतं आणि वर काकांच्या पाया पडतं.

आपल्याकडं आडव्या बाटलीचं मतदान असतं. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली की गावातलं दुकान बंद. अठरा वर्षांच्या मुलीला तिथं मत आहे. तिच्या चुलत्याच्या कपाटात, देवाच्या फोटोमागं उभी असलेली बाटली मात्र कुठल्याच मतदानाला येत नाही.

तर काका, तुमच्या वयाचा प्रश्न केव्हाच मिटलेला आहे. हजार रुपये भरले की जन्मभराचा परवाना मिळतो. तो स्वतःच्या नावानं काढा, भरदिवसा दुकानात जा, पिशवी स्वतः उचला. लेकराला येताना मळके कपडे आणि पुस्तकं तेवढी आणू द्या. वजन तसंही मोजकंच चालतं.