युरोपात गाडी हाकून आलेला गृहस्थ

नवी मुंबईतील नेरूळ, सीवूड्स, खारघर आदी नोडांमध्ये (हे शहर वसवणाऱ्या सिडकोच्या परिभाषेत नोड म्हणजे नियोजनपूर्वक वसवलेले उपनगर) राहणाऱ्या मध्यमवर्गात अलीकडे एका नव्या मनुष्यविशेषाची भर पडली आहे. हा गृहस्थ वयाने पन्नाशीच्या पलीकडचा, कर्ज फिटलेल्या सदनिकेचा मालक, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एखाद्या कंपनीत वरच्या पदावर किंवा नुकताच निवृत्त झालेला, आणि मुख्य म्हणजे परदेशात भाड्याने मोटार घेऊन ती स्वतः चालवून आलेला असतो. केवळ परदेशी जाऊन आल्याने या वर्गात प्रवेश मिळत नाही. सहल कंपनीच्या झेंड्यामागून चालणारे, पहाटे बॅगा खोलीच्या दाराबाहेर काढून ठेवणारे आणि बसमध्ये अंताक्षरी खेळणारे प्रवासी त्याच्या लेखी यात्रेकरूंत जमा असतात, आणि आपली गणना त्यांच्यात होऊ नये म्हणून तो कोणत्याही संभाषणात तिसऱ्या वाक्याच्या आत “आम्ही सेल्फ-ड्राइव्ह केलं” हे सांगून टाकतो.

त्याची जडणघडण समजून घ्यायची तर त्याच्या शहराची घडण ध्यानात घ्यावी लागते. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे जे शहर वसवले, त्यात बहुतेक ठिकाणी रस्ता आधी आला आणि माणूस मागाहून. त्यामुळे तिथे मुरलेल्या चालकाची अशी पक्की धारणा होते की, रस्ता आहे त्याअर्थी तो आपल्या गाडीसाठीच असणार. पामबीच मार्गावर तो स्वतःला मुंबईकर चालकांपेक्षा एक पायरी वरचा समजतो, आणि २०२४ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरांच्या अटल सेतूवर ताशी शंभराची मर्यादा पाळल्याचे पाहुण्यांना काटा दाखवून सिद्ध करतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्येच वेग मोजणारी स्वयंचलित यंत्रणा कार्यान्वित झाली. तिचे कॅमेरे कोणकोणत्या कमानींवर आहेत हे त्याला कळंबोलीपासून लोणावळ्यापर्यंत तोंडपाठ असून, कमानीअलीकडे ब्रेक आणि कमानीपलीकडे ॲक्सिलरेटर या क्रमालाच तो सुरक्षित वाहनचालन म्हणतो. एवढे करूनही ई-चलान आलेच, म्हणजे कॅमेऱ्याच्या छायाचित्रावरून आकारलेल्या दंडाचा संदेश मोबाइलवर येऊन थडकलाच, तर तो ते भरण्याची घाई करीत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये भरणाऱ्या लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने प्रकरणे निकाली काढणाऱ्या न्यायसभेत, थकलेल्या चलानांची रक्कम कमी होऊ शकते हे त्याला ठाऊक असते. म्हणून चलानावरील आकडा हा त्याच्या मते अंतिम दंड नसून सरकारने बोलण्यांना केलेली सुरुवात असते.

अशा अनुभवसंपन्न अवस्थेत तो इटलीकडे प्रस्थान ठेवतो. तत्पूर्वी एमएच-४३ च्या परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला जातो. हा परवाना म्हणजे मूळ परवान्यातील तपशील परक्या देशाच्या पोलिसांना समजावून सांगणारी, जास्तीत जास्त एक वर्ष वैध असणारी पुस्तिका होय; परंतु आपला गृहस्थ ती पुस्तिका एखाद्या संस्थानिकाने सनद बाळगावी तशी बाळगतो आणि तिच्यामुळे युरोपातील यच्चयावत रस्ते आपणांस खुले झाले, असा तिचा अर्थ लावतो. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या अन्वयार्थात आहे.

इटलीतील जुन्या शहरांत, विशेषतः फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा ठिकाणी, मध्यवर्ती वस्तीभोवती मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र आखलेले असते. त्याला तिकडे थोडक्यात ‘झेड-टी-एल’ म्हणतात. त्या क्षेत्रात रहिवासी, मालवाहू गाड्या आणि अनुमती मिळालेली वाहने एवढ्यांनाच ठरावीक वेळात प्रवेश असतो. गंमत अशी की, क्षेत्राच्या तोंडाशी ना अडथळा असतो ना शिट्टी वाजवणारा हवालदार. लाल कडेचा पांढरा गोल फलक, त्याखाली वेळांची बारीक छपाई, काही ठिकाणी निर्बंध चालू असल्याचे सांगणारी दिव्यांची अक्षरे आणि वर एक अबोल कॅमेरा, एवढाच काय तो बंदोबस्त. भाड्याची गाडी परत करण्याची वेळ टळू नये, टाकी पूर्ण भरलेली असावी आणि उजव्या बाजूने चालताना उजवा आरसा कुणाच्या भिंतीला घासू नये, या तीन चिंतांनी ग्रासलेल्या चालकाला तो गोल फलक दिसला तरी वाचता येत नाही. मार्गदर्शक ॲपमधील बाई “सरळ जा” म्हणत असते. शेजारी बसलेली पत्नी “अहो, त्या फलकावर काहीतरी लिहिलं होतं” असे म्हणते. आणि या दोघींपैकी कुणाचे ऐकायचे याचा निर्णय गृहस्थाने मुंबईहून निघतानाच घेतलेला असतो.

वास्तविक गाडीला मज्जाव ही कल्पना रायगडच्या शेजाऱ्याला अपरिचित असण्याचे कारण नाही. माथेरानला जाताना हाच गृहस्थ दस्तुरी नाक्यावर निमूटपणे गाडी लावतो, पुढचा रस्ता लाल मातीत पायी तुडवतो आणि “म्हणून तर इथली हवा चांगली आहे” असे मुलांना बजावतो. पण दस्तुरीला कुणीतरी हाताने अडवणारे असते, आणि न अडवणारा नियम हा आपल्याकडे नियम मानण्याची पद्धत नाही.

परत आल्यावरचे पहिले काही महिने हा त्याच्या कीर्तीचा काळ असतो. सोसायटीच्या आवारात दुचाकी आडवी लागलेली दिसली, सानपाड्याच्या पुलाखाली कुणी हॉर्न वाजवला किंवा रिक्षा उलट दिशेने आली की, तो तिकडच्या शिस्तीवर प्रवचन करतो. तिकडे माणूस नियम पाळतो कारण यंत्रणा कुणाचीच गय करत नाही, ओळख चालत नाही, चिरीमिरी चालत नाही, मध्यरात्रीसुद्धा कॅमेरा जागा असतो, हे सारे तो इतक्या कौतुकाने सांगतो की, ऐकणाऱ्यास तो कॅमेरा त्याच्या नात्यातला असावा असा भास होतो. त्या कॅमेऱ्याने आपलीही दखल घेतली आहे, याची त्याला अद्याप वार्ता नसते.

पहिली सूचना क्रेडिट कार्डातून येते. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने कार्डावरून परस्पर काही युरो कापून घेतल्याचा संदेश रात्री उशिरा येतो आणि घरातले सगळे दिवे लागतात. ही रक्कम दंडाची नसते, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. गाडीच्या क्रमांकावरून पोलिसांनी कंपनीकडे चौकशी केली, कंपनीने त्या वेळी गाडी कुणाच्या ताब्यात होती ते कळवले, आणि हे नाव कळवण्याच्या श्रमांचा मोबदला म्हणून करारातील कलमानुसार प्रशासकीय शुल्क आकारले, एवढाच तिचा अर्थ. थोडक्यात, आपली चहाडी करण्याचा खर्च आपल्याकडूनच वसूल झालेला असतो. गृहस्थाला मात्र हाच दंड वाटतो. तो बँकेशी चार दिवस भांडतो, हरतो, “जाऊ दे, सुटलो एकदाचे” असे म्हणून प्रकरण मिटवतो, आणि प्रकरणाला तर खरी सुरुवातही झालेली नसते.

कारण इटलीच्या वाहतूक कायद्याने परदेशस्थ चालकास दंडाची नोटीस पाठवण्यासाठी तब्बल ३६० दिवसांची मुदत दिलेली आहे, आणि तिकडची नगरप्रशासने या मुदतीचा सावकाश उपभोग घेतात. सहलीची छायाचित्रे पाहून पाहून नातेवाईक कंटाळलेले असतात, कार्डाचे हप्ते फिटलेले असतात, अशा एखाद्या दुपारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन सोसायटीच्या फाटकाशी येतो. गृहस्थ तेव्हा गणपतीसाठी गावी गेलेला असल्याने वॉचमन सही करून ते घेतो आणि नळाचे वेळापत्रक ठेवण्याच्या खणात ठेवून देतो. आत इंग्रजीत मुद्देसूद मजकूर असतो: गाडीचा क्रमांक, दिनांक, मिनिटापर्यंत वेळ, ज्या फाटकातून प्रवेश झाला त्या गल्लीचे नाव, ८३ युरोंची मूळ शिक्षा, वर नोटिशीचा खर्च, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच फाटकातून गेल्याबद्दल तसाच आणखी एक कागद. भारतीय चलनात आकडा मांडल्यावर पत्नी फक्त एवढेच विचारते की, एवढ्या पैशांत सहल कंपनीबरोबर आणखी कुठे जाता आले असते.

यानंतर त्याच्या बुद्धीला जी धार चढते तिची नोंद घेणे आवश्यक आहे. प्रथम तो गुन्हाच नाकारतो. नोटिशीतील संकेतांक टाकून संगणकावर पुराव्याचे छायाचित्र पाहता येते. त्यात गाडीची मागची बाजू आणि क्रमांकाची पाटी दिसते, चालक दिसत नाही. तेव्हा “मी चालवत होतो हे सिद्ध करा” असा युक्तिवाद जेवणाच्या टेबलावर मांडला जातो, त्या काळ्या छोट्या गाडीसारख्या तिकडे हजारो गाड्या असल्याचे सांगितले जाते, क्रमांकातील एक अक्षर पुसट असल्याचा शोध लागतो. छायाचित्र मोठे करण्यात येते. मागच्या काचेत काहीतरी लाल काठाचे पांढरे लोंबताना दिसते. घरात शांतता पसरते आणि पत्नी चष्मा लावून सांगते, “अहो, हा आपला पंचा आहे. पिसात पावसात भिजला म्हणून तुम्हीच मागे वाळत टाकला होता.” बचाव पक्षाचे काम तिथेच आटोपते.

मग प्रकरण सार्वजनिक होते. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांचे जे मंडळ असते, तेथे नोटिशीची झेरॉक्स हातोहात फिरते. एक निवृत्त अधिकारी म्हणतो की, इटलीचा हवालदार काही पामबीचला वसुलीला येणार नाही, फाडून टाका. दुसरा, ज्याची मुलगी जर्मनीत आहे, तो पुढच्या शेंगेन व्हिसाचे भय घालतो. त्याला आधार काहीच नसतो, पण भय उत्तम घालतो. तिसरा सनदी लेखापाल असून, दंडावर जीएसटी लागतो का, हा एकच प्रश्न त्याला छळत असतो. यांतील पहिल्या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. युरोपीय संघातील देश एकमेकांचे दंड वसूल करून देण्याच्या चौकटीने बांधलेले आहेत आणि भारत त्या चौकटीत नाही. मात्र न भरलेला दंड मुदतीनंतर फुगतो, तो वसुली संस्थांकडे जाऊ शकतो, आणि पुन्हा त्या देशात गाडी घ्यायची इच्छा असणाऱ्याने तो फुगू देणे शहाणपणाचे नव्हे. दाद मागायची सोय कायद्यात आहे, पण तिकडच्या प्रशासकाकडे किंवा शांतता न्यायाधीशाकडे अर्ज करून “पंचा माझाच, पण हेतू शुद्ध” एवढेच सांगायचे असेल, तर अर्जाच्या टपालाचा खर्चही वाया जातो. आइंडहोवनला नोकरी करणारा मुलगा या सर्व चर्चेवर फोनवरून दोन शब्दांत निकाल देतो: “बाबा, भरा.”

भरण्याची कथाही सरळ नसते. सहलीहून परतताच सावधगिरी म्हणून कार्डाचे परदेशी व्यवहार त्यानेच बंद करून ठेवलेले असतात, आणि परक्या संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक देण्याचा आता त्याला धीर होत नाही. म्हणून तो बँकेच्या वाशी सेक्टर १७ मधील शाखेत जातो. परदेशी रक्कम पाठवताना ए-टू नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात पैसे कशासाठी पाठवले जात आहेत याचा ठरावीक सांकेतिक क्रमांक लिहावा लागतो. काउंटरवरची तरुणी यादीवरून बोट फिरवत विचारते, “काका, शिक्षण, औषधोपचार, कुटुंबाचा निर्वाह, भेट, यांतलं काय लिहू?” मागे रांग असते, रांगेत त्याच्याच इमारतीतील दोघे असतात, आणि इतके दिवस युरोपच्या शिस्तीवर बोललेल्या माणसाला तिथे मोठ्याने “दंड” हा शब्द उच्चारावा लागतो. बऱ्याच विचारविनिमयानंतर ती रक्कम प्रवासखर्चात बसवली जाते, जे तत्त्वतः अगदीच चूक म्हणता येत नाही.

परंतु त्याला खरा घाव बसतो तो यानंतर, पावती फाइलला लावताना नोटिशीचे दुसरे पान प्रथमच नीट वाचल्यावर. नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत मूळ रक्कम भरावी, पण पहिल्या पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट, अशी तरतूद तिथे असते. म्हणजे ८३ चे ५८ युरो १० सेंट, आणि तेही प्रत्येक कागदावर. लोकअदालतीच्या तारखा पाठ असणाऱ्या माणसाला कायदेशीर सवलत मिळत होती आणि ते पाच दिवस नळाच्या वेळापत्रकाच्या खणात पडून गेले! दंड झाला याचे दुःख तो आठवड्यात विसरतो, सूट हुकली याचे मात्र त्याला विस्मरण होत नाही. इटली, कॅमेरा, ॲपमधील बाई हे सर्व आरोपी एकामागून एक निर्दोष सुटतात आणि अखेर ठपका येतो तो वॉचमनवर.

त्याच्या स्वभावाचा निवाडा करायचा तर तो याच ठिकाणी करावा. या गृहस्थाला कायद्याचे वावडे नाही, यंत्रणेबद्दल त्याला खरोखरच आदर आहे, आणि पुढच्या खेपेस तो शहराच्या तटाबाहेर गाडी लावील, क्षेत्राच्या आत मुक्काम असेल तर हॉटेलकडून गाडीचा क्रमांक पालिकेला आधीच कळवून ठेवील, इतकेच काय, इतरांनाही तसे करायला लावील. परदेशी निघणाऱ्यांनी या बाबतीत त्याचाच सल्ला घ्यावा, कारण इतक्या किमतीला शिकलेला दुसरा माणूस सेक्टरात मिळणार नाही. सल्ला फक्त इटलीपुरता घ्यावा. सहकारी संस्थांच्या नियमाप्रमाणे सप्टेंबरअखेर झालेल्या वार्षिक सभेत, वॉचमनने कोणत्याही सभासदाचे रजिस्टर टपाल सही करून स्वीकारू नये, असा ठराव त्याने मांडला व तो एकमताने संमत झाला. त्याच्या एमएच-४३ गाडीवरील तीन चलाने त्या दिवशीही थकलेलीच होती.