कृपया अभिप्राय कळवावा

जुना, खराब झालेला फोटो संगणकावर दुरुस्त करणं तसं सोपं आहे. कठीण आहे ते दुरुस्त झालेला फोटो नातेवाइकांना दाखवणं. पहिल्या कामाला स्कॅनर, सॉफ्टवेअर आणि थोडा धीर लागतो. दुसऱ्यासाठी बाजारात अजून काहीही निघालेलं नाही.

आमच्या घराण्याचा एकुलता एक जुना फोटो धुळ्याला काढलेला आणि जळगावला खराब झालेला आहे. हे धुळ्याच्या मंडळींचं म्हणणं. जळगावची मंडळी म्हणतात, आमच्याकडे आला तेव्हाच तो तसा होता. फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का आहे. त्यातलं स्टुडिओचं नाव कसरीने खाल्लं, मात्र 'धुळे, प. खा.' एवढं सोडलं. प. खा. म्हणजे पश्चिम खानदेश. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन जिल्हे केले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. पुढे महाराष्ट्र झाला, जिल्ह्यांची नावं बदलली, पण आमच्या घरात ती फाळणी अजून लागू आहे. पूर्वेला काका, पश्चिमेला आत्या. सरहद्द कुठेतरी पारोळ्याच्या आसपास असावी.

फोटोत मधोमध खुर्चीवर फेटा बांधलेले आजोबा आहेत. शेजारी नऊवारीतली आजी, तिच्या मांडीवर दोन-तीन वर्षांची आत्या, मागे उभे दोन चुलत आजोबा. पाठीमागच्या पडद्यावर एक राजवाडा रंगवलेला आहे. आमच्या कुणाच्याही मालकीचा नसल्याने तोच सर्वांत शाबूत राहिला आहे. उजव्या कोपऱ्यातून आलेला, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला एक हात दिसतो. हाताचा मालक वाळवीने नेला.

बाकीचं काम ओलीने केलं. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. भिंतीला ओल आली की तो मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. अशा वेळी फोटोला हात लावू नये, काचेसकट स्कॅन करावा, असं जाणकार सांगतात. काकांनी फ्रेम उघडून फोटो ओढला. आजोबांचा डावा गाल काचेवरच राहिला. काकांच्या मते तो मुळातच सैल होता.

तर एका दिवाळीत भाच्याने हे सगळं पाहिलं. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाला. मोबाइलने फोटोचा फोटो काढला, कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला, आणि खरोखर दोन मिनिटांत आमचे पूर्वज बाहेर काढले. ओल गेली, डाग गेले, सुरकुत्या गेल्या. जळगावचं भरताचं वांगं भाजून सोलल्यावर दिसतं तसे सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत झाले होते. आजोबांना पापण्या आल्या होत्या. एका चुलत आजोबांच्या ओठांवर मंद हसू होतं. ते चुलत आजोबा सावकारी करत, आणि हयातीत कधी हसल्याची नोंद नाही.

या अ‍ॅपांचं असं असतं की, फोटोत जे उरलेलंच नाही ते त्यांना कुठून दिसणार? मग लाखो परक्या चेहऱ्यांवरून जे शिकवलेलं असतं, त्यातून बसेल असं नाक, शोभेल असा डोळा ती रचतात. चेहरा देखणा होतो आणि माणूस दुसराच येतो. भाच्याने ते चित्र घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'कृपया अभिप्राय कळवावा.' मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही हे त्याला अजून कळायचं आहे.

पहिला अभिप्राय पाचोऱ्याच्या एका लांबच्या काकांचा आला: 'भावपूर्ण श्रद्धांजली.' जुना फोटो दिसला की ते हेच लिहितात. त्यांचं पाहून पुढच्यांनी हात जोडले, कुणी फुलं वाहिली, कुणी पणती लावली. मांडीवरची आत्या धुळ्याच्या देवपुरात शेवभाजी खात बसली होती. तिला फोनवर रडवेले लोक तिचीच बातमी विचारू लागले तेव्हा कुठे हा प्रकार थांबला.

मग तिने नातीकरवी फोटो मोठा करून पाहिला आणि मला फोन केला. आत्या रागावली की अहिराणीत बोलते.

"हाई कोन शे?"

"आजी आहे ना, आत्या."

"मनी माय नही शे हाई. तिनं कुकू कोठे गयं?"

मी पाहिलं तर खरंच कपाळ कोरं. हनुवटीवरचं गोंदणही गायब. घडलं होतं ते असं. त्या काळी स्टुडिओत सर्रास चालणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म लाल रंग जवळजवळ पाहतच नसत. म्हणून तर फोटोवाले डार्करूममध्ये लाल दिवा लावून बसत. लाल वस्तू फोटोत काळी यायची. आजीचं ठसठशीत कुंकू म्हणजे फोटोपुरता कपाळावरचा एक काळा ठिपका. अ‍ॅपने तो डाग समजून पुसला आणि गोंदणही त्याच हिशेबात नेलं. मी हे सगळं आत्याला नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मना बाप फोटोत जित्ता बठेल शे ना? मंग?"

या प्रश्नाला तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही.

यानंतर काम रीतसर हाती घेतलं. चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन केलं, मूळ स्कॅनची प्रत हात न लावता बाजूला ठेवली, आणि फोटोशॉपमध्ये एकेक चीर, एकेक डाग हाताने भरत गेलो. शेजारचा कण उचलायचा, जखमेवर लावायचा, पुन्हा उचलायचा. हे शिवणकामाइतकंच संथ काम आहे, आणि मला ते आवडतं, कारण ते चाललेलं असेपर्यंत कुणी अभिप्राय देत नाही. तरी ऑर्थोक्रोमॅटिकचा शोध मी ग्रुपवर सांगायला नको होता, असं बायकोचं मत आहे. कारण त्यातून फेट्याचा वाद निघाला.

फोटोत फेटा काळा आहे. काका म्हणाले, काळा दिसतो म्हणजे काळा होता. आत्या म्हणाली, "लाल कुकू जर काये दिसस, तर लाल फेटा बी कायाच दिसी." शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड. पुण्याच्या चुलतभावाने भगव्याचा आग्रह धरला आणि जरा ब्राइटनेस वाढवायलाही सांगितलं. काकांनी मग आजोबा 1936 साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते हा मुद्दा काढला. त्याचा फेट्याशी संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. खानदेशात ज्याच्या त्याच्या घरचे आजोबा फैजपूरला गेलेले असतातच. ते सगळे खरोखर गेले असते तर नेहरूंना भाषणाला उभं राहायला जागा उरली नसती.

काकूंना फेट्यात रस नव्हता. काकू माहेरच्या जळगावच्या, सराफ बाजाराच्या अंगणात वाढलेल्या. त्यांनी फोटो आडवा-उभा करून एकच गोष्ट पाहिली. आजीच्या गळ्याजवळची बुरशी काढल्यावर खालून पुतळ्यांची माळ निघाली होती. चांगली ठसठशीत, दोन पदरी. काकूंचा अभिप्राय संपूर्ण दुरुस्तीप्रकरणात सर्वांत नेमका होता: "ही कोणाकडे गेली?"

ग्रुप दोन दिवस गप्प झाला. सोन्याचा भाव काय चालला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी ज्यांनी फोटो उघडूनही पाहिला नव्हता, त्यांनी मूळ स्कॅन मागवला. मोठ्या फाइलची मागणी थेट न्यू जर्सीहून आली. माझ्या लक्षात आलं की, कुणी दुरुस्ती पाहतच नाही. गालाचा जोड जमला का, पडद्याच्या घडीत सावली बरोबर पडली का, यावर एक शब्द नाही. प्रत्येक जण फोटोत आपला वाटा शोधत होता.

शेवटी मोठी प्रत छापून आत्याला प्रत्यक्ष दाखवायचं ठरलं. जळगावकडून एसटी एरंडोल-पारोळ्यावरून सरळ धुळ्याला नेते, पण गर्दीत प्रत चुरगळेल म्हणून रेल्वेने गेलो. रेल्वेने जायचं तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. चाळीसगाव म्हणजे छायाचित्रकार केकी मूस यांचं गाव. 1912 ते 1989 एवढ्या आयुष्यातली कित्येक दशकं हा माणूस स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात स्वतःला कोंडून राहिला. प्रेयसी पंजाब मेलने येईल म्हणून ते रोज वाट पाहत असत, अशी कथा सांगतात. घरात बसून टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, प्रकाश असा सोडायचा की फोटोत अख्खा निसर्ग उभा राहावा, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. आता त्या घरात संग्रहालय आहे. त्या भिंतींसमोर उभं राहिल्यावर मला एका गोष्टीचा फार हेवा वाटला. या माणसाच्या फोटोतल्या डोंगराला नातेवाईक नव्हते.

देवपुरात आत्याने प्रत खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला. कुंकू होतं. गोंदण होतं. ती बराच वेळ पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "माळ चांगली निघाली रे. सावकारीणबाईंची होती. फोटोपुरती मागून आणलेली. संध्याकाळी परत दिली." मी तिला हे ग्रुपवर बोलून टाकायला लावलं. आवाजातली ती बत्तीस सेकंदं ऐकून काकूंना दोन दिवस जेवण गेलं नाही, असं ऐकतो.

आता प्रश्न हाताचा राहिला. खुर्चीच्या पाठीवरचा, पांढऱ्या बाहीचा, बिनमाणसाचा हात. काकांच्या मते तो नानांचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा. म्हणून तिथे नानांचा दुसऱ्या फोटोतला चेहरा आणून बसवावा. पुण्याच्या मते तो पुण्याच्या आजोबांचा. तंत्र दोघांच्याही बाजूचं आहे. आजकाल कुणालाही कुठेही उभं करता येतं, फैजपूरला नेहरूंच्या शेजारीसुद्धा.

मी धुळ्यातच होतो म्हणून मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे महाराष्ट्रभर दप्तरं धुंडाळत फिरले आणि 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले. 1927 साली त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. जुनी पत्रं छापणारी मंडळी कागद फाटलेला असेल तिथे टिंबं टाकतात. पत्र लिहिणाऱ्याला तिथे काय म्हणायचं असेल याचा सुंदर अंदाज करता येत असला, तरी टिंबंच टाकतात. मी ग्रुपवर लिहिलं की, कोपरा फाटका आहे तर फाटकाच ठेवू. काकांचं उत्तर आलं, "टिंबं कसली टाकतोस? नानांना टाक."

आत्याला विचारलं. ती हसायलाच लागली. "तो हात? तो फोटोवाल्याच्या पोऱ्याचा. खुर्ची डुगडुगत होती. बा पडतील म्हणून त्याने मागून धरून ठेवलेली. माय सांगायची." तेव्हा आत्या मांडीवर होती, तिची माय आता नाही, आणि आत्याला उलट प्रश्न विचारण्याची छाती आमच्यात कुणाची नाही. जळगावने हा पुरावा मान्य केलेला नाही.

तर अंतिम प्रत अशी आहे. रंग भरलेला नाही, फेट्याचा रंग ज्याने त्याने आपापल्या जिल्ह्याप्रमाणे समजावा. चुलत आजोबा पूर्ववत गंभीर आहेत. आजोबांचा डावा गाल उजव्यावरून घेतला आहे, आणि तो जोड मला दिसतो, इतरांना दिसत नाही. कोपरा फाटका ठेवला आहे, हातासकट. एक प्रत धुळ्याला लागली, एक जळगावला. पुण्याने स्वतःची वेगळी करून घेतली आहे आणि तीत एक माणूस जास्त आहे.

तुमच्याकडे असा फोटो असेल तर तो काचेवरून ओढू नका, काचेसकटच स्कॅन करून घ्या. घरातलं सर्वांत म्हातारं माणूस शुद्धीवर आणि खुशीत असेल असा दिवस पाहून त्याच्यासमोर बसा. कोण कुठे उभं आहे ते मऊ पेन्सिलीने, न दाबता, फोटोच्या मागे लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढे उमटतात. आणि दागिने कुणाचे होते, हेही त्याच वेळी लिहून टाका.