शरदातले लग्न आणि पलंगाखालचे भोपळे

ऑक्टोबरात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पानगळ शोधायला जाल तर फक्त घाम गळताना दिसेल. मैदानाभोवतीचे पर्जन्यवृक्ष तेव्हा हिरवेगार असतात. त्यांची पाने झडायची ती फेब्रुवारी-मार्चात, दहावीच्या परीक्षांच्या सुमारास. लाल पान हवेच असेल तर देशी बदामाकडे जावे, पण तोही त्याची लहर लागेल तेव्हाच रंगणार. तरीही माझ्या भाचीने कार्तिकातल्या लग्नासाठी ‘फॉल थीम’ ठरवली. फोनमधल्या चित्रांत मेपलची पाने होती, पाइनची बोंडे होती आणि पांढऱ्याशुभ्र टेबलांवर नारिंगी भोपळे बसलेले होते. डेकोरेटरचा आकडा ऐकून तिचे वडील एकदम शांत झाले. ते शांत झाले की घरातल्या बाकीच्यांनी कामाला लागायचे, असा आमच्याकडचा रिवाज.

गिरगावच्या मावशीने चष्मा पुसून ती चित्रे पाहिली. “अगं, ही पिकाचीच शोभा की! मग आपलं पीक मांड ना.” तिचे माहेर कोकणातले. तिकडे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, झेंडू, कुर्डूचे तुरे एकत्र बांधून दाराला ‘नवे’ लावतात. शिवाय आपल्याकडे दर शरदात एक लग्न हमखास लागते आणि त्याला डेकोरेटर लागत नाही. तुळशीला उसाचा मांडव, चिंचा, आवळे, पणत्या एवढे पुरते. पाहुणेही तक्रार न करता चुरमुरे खाऊन घरी जातात. तिचे एकदा लागले की माणसांचे मुहूर्त सुरू होतात, म्हणजे शरदातले उरलेसुरले दिवस आपल्या वाट्याला.

टेबल सजवायचे म्हटल्यावर रुखवताची आठवण निघणारच. सुपारीचे भटजी, साखरेचा बंगला, कोरलेले खोबरे. आता दादरला तयार रुखवत मिळते, झकपक असते. पण घरच्या सुपारीतला भटजी तिरळा निघाला तरी तो कोणत्या काकूंच्या हातचा, यावर पंगतभर चर्चा होते. विकतच्या भटजीला हे भाग्य नाही.

फुलदाण्या विकत घ्यायच्या नाहीत असे ठरले आणि माळ्यावरून पितळ उतरले. घंगाळे, तांबे, गडवे. नातेवाइकांकडूनही आले. चिंच लावून घासल्यावर प्रत्येक भांड्यावरचे नाव उजळले. कोणाच्या मुंजीतला आहेर, कोणाच्या डोहाळजेवणातला, कोणाला निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेला. एका गडव्यावरचे नाव आमच्या घरातल्या कोणाचेच नव्हते. तो गडवा 40-50 वर्षे परत करायचा राहिला असावा, असे मावशी शांतपणे म्हणाली आणि त्यात शेवंती खोचून मोकळी झाली. भाचीने मग टेबलांना नंबर दिलेच नाहीत. पाहुण्यांना “तुम्ही मुंजीच्या तांब्यापाशी बसा” असे सांगितले गेले, आणि आश्चर्य म्हणजे सगळे बरोबर बसले.

पाइनच्या बोंडांच्या जागी पीतमोहोराच्या तांबूस शेंगा आल्या. त्या मुलांनी रस्त्यावरून गोळा केल्या. कट्ट्यावरच्या निवृत्त मंडळींनी थर्माकोलची पाने कापायचा सल्ला दिला. त्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे कळल्यावर ते सरकारवर घसरले आणि आमची सुटका झाली.

भोपळ्यांचा मुक्काम पलंगाखाली होता. भाचीला ते पोखरून आत दिवे ठेवायचे होते. मावशीने नकाराधिकार वापरला: मुंबईच्या हवेत कापलेला भोपळा दुसऱ्या दिवशी वासाने स्वतःची ओळख करून देतो. अखंड असेल तर आठवडेच्या आठवडे तग धरतो. तेव्हा ते अखंडच मांडले, देठाला लोंबीची जुडी बांधून. व्याहीबुवांनी एकावर टिचकी मारून तो पिकलाय की नाही हे जाहीर केले.

पैसे वाचले का? वाचले. त्यातले बरेचसे ओवायला बसलेल्यांच्या चहा-बटाटेवड्यांत गेले. आठ बायका सुया घेऊन एका खोलीत बसल्या की झेंडूपेक्षा इतर गोष्टीच जास्त ओवल्या जातात, आणि त्यांतल्या काही मला आजवर माहीत नव्हत्या. डेकोरेटर स्वस्त पडला असता असे मला वाटत नाही. लवकर आटोपला असता हे मात्र खरे.

तुमच्याकडे कार्तिकात कार्य असेल तर दादरच्या फूल मंडईत उजाडण्याआधी पोहोचा. झेंडू दसऱ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला घेऊ नका, तेव्हा भाव आभाळाला टेकलेला असतो. सण ओसरला की तोच खाली येतो. लोंब्या कोरड्या जागी उंच टांगा, उंदरांनाही शरद आवडतो. आणि भोपळे हॉलवर सोडून येऊ नका. लग्नानंतर आमच्याकडे त्यांचे घारगे झाले, गुळाचे, आणि व्याह्यांकडेही डबा गेला.