आधी कागद मोठ्या अक्षरांत छापा

कॉलेजं सुरू झाली की गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्रेच्या बाजारात झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. हल्ली पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाचा एक कागद मिळतो. वर अभ्यासक्रम, मध्ये गुणांची वाटणी, खाली नियम. कॉपी केली तर काय, दिव्यांगांना सवलत कोणती, वर्गात कोणाला हिणवायचं नाही, सगळं त्यात असतं.

कागद चांगला आहे. मी तो भिंग लावून वाचला.

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा यंदा बी.कॉम.ला गेला. जन्मापासून नजर अधू. त्याच्या हाती आला तो कागद म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षर मुंगीएवढं, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर कापलेलं, मधोमध शाईचा काळा पट्टा. पट्ट्याखाली जे कलम गाडलं गेलं, ते अधू नजरेच्या मुलांना मोठ्या अक्षरांतला कागद देण्याचं.

पोरगा उभा राहिला. म्हणाला, "सर, माका दिसना."

सर म्हणाले, "बाजूच्याचा बघ."

त्याच कागदावरचा पहिला नियम: बाजूच्याचं बघू नये.

सर वाईट नाहीत. वर्ग गच्च भरलेला, हजेरी घेण्यातच दहा मिनिटं जातात. कागद वरून आला, त्यांनी वाटला. घोळ इथेच आहे. प्रामाणिकपणा, सुगम्यता, समावेश हे शब्द आपण छापतो, वाटतो आणि फाइलला लावतो. तिन्ही एका पानावर असतात. एकत्र वाचत कोणी नाही.

कायदा कमी पडतो म्हणावं, तर तसंही नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 झाले. उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा राखीव. लेखनिक आणि जादा वेळही कायद्यातच. जागा मिळाली.

जागेवर पोचायचं कसं?

महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात आजवर सातवा निकष संस्थेच्या मूल्यांचा राहिला आहे. रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह कसं, फलक कसे, सगळं विचारतात. फोटो जोडावे लागतात. म्हणून कित्येक ठिकाणी रॅम्प बांधतात तो फोटोत यावा असा, दर्शनी दाराला. तो जातो ऑफिसपर्यंत. वर्ग असतो पहिल्या मजल्यावर. फी भरायला व्हीलचेअर चालते, शिकायला पोराला उचलून न्यावं लागतं.

2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. देशभरातून दिव्यांग आले, कार्यक्रमांत खुणांच्या भाषेचे दुभाषे उभे राहिले. गोव्याने अभिमान बाळगावा असंच काम होतं ते. तीन दिवस जमलं ना? मग तीन वर्षांच्या पदवीला का जमत नाही?

आता लेखनिक. बोलण्यात सगळे रायटर म्हणतात. केंद्राची सूचना आहे, तासाला 20 मिनिटं जादा. तीन तासांच्या पेपरला चार तास. हिशेब सोपा, रायटर मिळणं कठीण. 2018 च्या सूचनेची अट होती, स्वतःचा रायटर आणायचा तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा हवा. का? त्याने उत्तर सांगू नये म्हणून.

मग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आई वाड्यावर दारोदार फिरते. "तुमचा मुलगा शुक्रवारी मोकळा आहे काय?" बारावी सायन्सचा एखादा मिळतो. पेपर अर्थशास्त्राचा. आपला मुलगा 'इलॅस्टिसिटी' म्हणतो, रायटर पेन थांबवून विचारतो, "स्पेलिंग काय?" एकेक अक्षर सांगता सांगता जादा तास संपतो. आणि मागे पर्यवेक्षक उभा, दोघांच्या ओठांवर डोळे लावून.

संशय कोणाचा? ज्याला उत्तर येतं त्याचा.

हाच संशय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. विकाश कुमार या उमेदवाराचा हात लिहायला घेतलं की आखडायचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने रायटर नाकारला. 40 टक्के दिव्यांगत्वाच्या मापात तो बसत नव्हता. शिवाय सवलतीचा गैरवापर होईल ही भीती. 11 फेब्रुवारी 2021 ला न्यायालयाने ती भीती मोडीत काढली. अडचण खरी असेल तर 40 टक्क्यांचा दाखला नसला तरी रायटर द्यावा लागेल, असं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं. दिल्लीत निकाल लागला. आमच्याकडे ऑफिसच्या खिडकीवर अजून पहिला प्रश्न तोच: "पर्सेंटेज किती?"

पण रॅम्प आणि रायटर निदान डोळ्यांना दिसतात. पेडण्यात सगळ्यात उंच पायरी दिसतच नाही. ती भाषेची.

इथलं पोर चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतं. घरात पेडणेकरांची बोली, शाळेत मराठी. पाचवीला हायस्कूल, आणि एका मे महिन्याच्या सुट्टीत इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं इंग्रजी होतं. जे चौथीत हात वर करून उत्तर देत होतं, ते पाचवीत खाली बघतं. ते तिथून पुढे आठ वर्षं खालीच बघतं आणि तसंच कॉलेजात येतं.

प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून गोव्यात 1990 पासून रणं माजली. 2011 ला सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं तेव्हा मोर्चे निघाले, उपोषणं झाली. सगळं भांडण पहिली ते चौथीचं. मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचं वयाच्या अठराव्या वर्षी काय होतं, यावर कोणी मोर्चा काढला?

त्या मुलाला कॉलेजात पहिली असाइनमेंट मिळते. दहा पानं, इंग्रजीत, स्वतःच्या शब्दांत.

स्वतःच्या शब्दांत! त्याचे स्वतःचे शब्द तर पाचवीच्या दारात काढून घेतले. आता ते आणायचे कुठून? मग तो मोबाइल उघडतो आणि दुसऱ्याचे आणतो.

कॉपीचं समर्थन मी करत नाही. चोरी ती चोरीच. पण ज्याचं तोंड बांधलं त्याला तू स्वतःचं का बोलत नाहीस म्हणून दंड करायचा, हा कुठला न्याय?

आणि हे वरच्यांना कळलेलं नाही असंही नाही. एप्रिल 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरच्या विद्यापीठांना कळवलं, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी विद्यार्थ्याला परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. वाड्यावरच्या पोरांना विचारलं, हे ठाऊक आहे? कोणालाच नव्हतं. कॉपीची शिक्षा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती.

विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. अठराव्या शतकातला माणूस. वेदान्तासारखा अवघड विषय त्यांनी मराठीत मांडला आणि तो इथल्या भजनात जाऊन बसला. मागणी-पुरवठ्याचा नियम वेदान्ताहून अवघड आहे काय?

आता वर्गातलं खरं चित्र बघा. नोट्स. पिवळ्या पडलेल्या, कडा मऊ झालेल्या. त्या फळ्यावर उतरतात, फळ्यावरून वहीत, वहीतून डोक्यात, डोक्यातून उत्तरपत्रिकेत. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही की पैकीच्या पैकी गुण. हाच मुलगा असाइनमेंटमध्ये दुसऱ्याचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो, तेव्हा आपण म्हणतो, अरे, हा तर चोर निघाला.

बारा वर्षं उतरवायला कोणी शिकवलं?

अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आहेत. प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं. 40 पर्यंत गेलं तर दुरुस्त करून पुन्हा द्या. 60 पर्यंत गेलं तर वर्षभर थांबा. त्यापुढे नोंदणीच रद्द. हे आकडे सगळे सांगतात. त्याच नियमांत दुसरंही लिहिलंय: विद्यार्थ्याला पदवीच्या पातळीपासून हे शिकवा, अभ्यासक्रमात घाला. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं वाक्य अवतरणात कसं ठेवायचं, सारांश म्हणजे काय. शिक्षेचा भाग भिंतीवर लागला, शिकवण्याचा भाग भिंतीत चिणला गेला.

आणि प्रामाणिकपणा काय फक्त पोरांनी पाळायचा? मार्च 2025 मध्ये गोवा विद्यापीठात प्रश्नपत्रिका फुटल्याचा आरोप झाला. आरोप कोणावर? प्राध्यापकावर. चौकशी समिती बसली. खरं-खोटं ठरवणं चौकशीचं काम. पण त्या दिवसांत परीक्षेला जाणाऱ्या पोरांच्या चपला-बूट दाराबाहेर काढून घेतले जात होते, हे मी पाहिलंय.

आता चॅट-जीपीटी आलं, नोव्हेंबर 2022 ला. तेव्हापासून कागदावर नवं कलम: यंत्राकडून लिहून घेऊ नये. बरोबर आहे. पण ओळखणार कसं? दुसरं यंत्र लावून. यंत्राने लिहिलेलं यंत्र तपासणार, मधल्या मुलाला कोण भेटणार? साधा उपाय आहे. असाइनमेंट हातात घ्या, मुलाला समोर बसवा आणि म्हणा, "हे मला मराठीत सांग बघू. किंवा तुमच्या घरच्या बोलीत सांग." पाच मिनिटं पुरतात. ज्याने वाचलंय तो बोलतो.

बोलण्याला पेडण्यात तोटा आहे काय? दशावतार बघा. लिहिलेली संहिता नाही. कथा तेवढी ठरलेली. रात्री रंगपटात तोंडाला रंग लावता लावता प्रसंग ठरतात, आणि मग राजा आणि राक्षस पहाटेपर्यंत सवाल-जवाब करतात. एकमेकांचं ऐकून, तिथल्या तिथे जुळवून. कालचं वाक्य आज म्हटलं तर बाकावरचा म्हातारा ओळखतो आणि तिथल्या तिथे नापसंती दाखवतो. दिवसा दुकानात बसणारा, शेतात राबणारा माणूस रात्री स्वतःच्या शब्दांत धर्म-अधर्माचा वाद घालतो. त्याचाच मुलगा सकाळी कॉलेजात तोंड उघडत नाही.

समावेश म्हणजे हे तोंड उघडणं. आणखी काय?

जातीचं न बोलता हे पुरं होणार नाही. डॉ. पायल तडवी जळगावकडची, आदिवासी समाजातली, मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. 22 मे 2019 ला तिने जीव दिला. जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे, खटला आहे. अनुदान आयोगाचे समतेचे नियम त्याआधी सात वर्षं, 2012 पासून अस्तित्वात होते. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादला शिकताना गेलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागितलं काय? आहेत ते नियम पाळा. मुलं गमावलेल्या आयांना हे मागावं लागलं.

आणि हजेरी! 75 टक्के. मांद्रेहून विद्यापीठात ताळगावला जायचं म्हणजे चोपडे, शिवोली, म्हापसा, तिथे बस बदला, पणजी, तिथे पुन्हा बदला, मग पठार. पहिली बस चुकली की पहिला तास गेला. शिवोलीच्या पुलापाशी सीझनमध्ये भाड्याच्या गाड्यांची रांग लागते, तिच्यात बस अडकते. हजेरीपटावर त्याचं कारण लिहायला रकाना नाही. पेडण्यातल्याच मोप्याला विमान उतरायला लागलं 5 जानेवारी 2023 पासून. दिल्लीचा माणूस विमानाने साधारण अडीच तासांत पेडण्यात पोचतो. पेडण्याचा विद्यार्थी ताळगावला किती तासांत पोचतो, ते कोणी मोजलं?

तो वाड्यावरचा मुलगा परवा झेरॉक्सच्या दुकानात दिसला. सरांकडून मूळ प्रत मागून आणली होती. दुकानदाराने मशीनचं झाकण उघडलं, कागद सरळ केला, दुप्पट मोठा करून काढला. पैसे मुलाने दिले. तो टपरीच्या उजेडात कागद नाकाशी धरून एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागला. कॉपीचं कलम झालं, हजेरीचं झालं. शेवटची ओळ त्याने मला मोठ्याने वाचून दाखवली. सवलत हवी असलेल्या विद्यार्थ्यांनी दुपारी चार ते पाच या वेळेत समन्वयकांना भेटावं.

त्याची बस पावणेचारला सुटते. पुढची सहाला.