पत्रिकेचे नाना

घरात लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर करायला नानांना बोलावतात. न बोलावलं तरी येतात. खिशात लाल रिफिलचं पेन, पिशवीत जुन्या पत्रिकांचा गठ्ठा. असा एक नाना प्रत्येक घराण्यात असतो, आणि तो बहुधा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला असतो.

नानांच्या मते पत्रिका लिहायची नसते, भरायची असते. माथ्यावर '॥ श्री गजानन प्रसन्न ॥', खाली कुलदैवत, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. तिथे कुणी 'आमच्याकडे' म्हटलं की नाना चहा बाजूला सारतात. मुलगा 'चि.', मुलगी 'चि. सौ. कां.'.

"म्हणजे कांक्षा फक्त मलाच? तो नुसता चिरंजीव?" लग्न ठरलेल्या माझ्या पुतणीनं विचारलं.

"तशी पद्धत नाही," नाना म्हणाले.

मुहूर्ताला मिनिटं हवीतच : 12 वाजून 37. त्या मिनिटाला नवरदेव बँडपुढे नाचत असतो, पण तो नानांचा विषय नव्हे. तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली पोरांची नावं. त्यातलं एक तर अजून मान धरत नव्हतं.

गंमत म्हणजे नियमांचा हा एवढा भक्त शुद्धलेखनात कुणाचंच ऐकत नाही. साहित्य महामंडळाच्या नियमांना सरकारची मान्यता मिळाली 1962 साली, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. नाना अजून 'नांव' आणि 'पांच' लिहितात. का, तर "तोवर मी अकरावी पास झालो होतो."

पुतणीला मात्र पत्रिका 'स्वतःची' हवी होती. तिनं फोनवर केली : गुलाबी फुलं, 'आम्ही ठरवलंय, तुम्ही या', खाली हॉलचा नकाशा. आईवडिलांचं नाव नाही, निमंत्रक नाहीत. नानांनी ती दोनदा वाचली. "कोण आम्ही?" त्यांनी विचारलं. धाकटे काका दोन दिवस बोलले नाहीत, आत्यानं आहेराची साडी परत कपाटात ठेवली. नानांच्या चौकटीत ही माणसं वयाच्या क्रमानं मुकाट उभी राहतात. भांडायचंच असेल तर जन्मतारखेशी भांडावं लागतं. नानांची ही बाजू मला नाइलाजानं मान्य आहे.

शेवटी दोन्ही झाल्या. नानांची छापली, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं, पहिली गणपतीपुढे गेली. पुतणीची फोनवरून गावभर फिरली. आणि त्याच आठवड्यात तिच्या मैत्रिणीची आली. तीच गुलाबी फुलं, तेच 'आम्ही ठरवलंय', फक्त नावं वेगळी.

पुतणीचा चेहरा पडला. नानांनी चष्मा लावून फोन मागून घेतला आणि दोन्ही पत्रिका बोटानं मागेपुढे केल्या. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान मी मुंजीच्या पंक्तीतसुद्धा पाहिलेलं नाही.

"उत्तम!" ते म्हणाले. "मायना बसलाय की तुमचाही. आता तेवढी मुहूर्ताची मिनिटं घाल."