माईक माझ्या हातात होता, एवढंच

आमच्या चर्चमध्ये वर्शिप लीडर निवडत नाहीत, तो सापडतो. तरुण संघाची सभा संपते, बाकीची पोरं 'आमेन'च्या 'आ'लाच चपला शोधायला पळतात, आणि ज्याची चप्पल सापडत नाही तो सापडतो. त्याला गिटार वाजवता येते का, हा प्रश्न नंतरचा. गिटार घरात आहे, एवढं पुरतं. पाळकसाहेब खांद्यावर हात ठेवतात, "देवाने तुला पाचारण केलं आहे" म्हणतात, आणि पाचारण म्हटलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. योना संदेष्ट्याने म्हणून पाहिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते संडेस्कूलच्या पहिल्या वर्गातल्या पोरालाही पाठ असतं.

मीही असाच सापडलो. चर्च नगर जिल्ह्यातलं, दगडी, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. हे मिशन मुंबईत आलं १८१३ साली आणि नगरला १८३१ साली. त्यामुळे इथे फुलदाणीची जागा बदलायची म्हटली तरी समोरचा शांतपणे सांगतो, "पूर्वापार असंच आहे." आणि हे पूर्वापार खरोखरच दोनशे वर्षांच्या घरातलं असल्याने पुढे बोलायला तोंड राहत नाही.

आमच्याकडचं गाणं पहिल्या बाकावरून चालतं. पंख्याखालच्या टोकाला एक मावशी बसतात. 'उपासना संगीत' त्यांना तोंडपाठ आहे. पुस्तक त्या फक्त वारा घ्यायला वापरतात. मी गीत क्रमांक सांगतो, पेटी सूर धरते, मी "एक, दोन, तीन" म्हणतो, आणि काहीही होत नाही. कारण मावशी चष्मा पुसत असतात. चष्मा पुसून झाला, पदर सावरून झाला, शेजारणीला "कोणतं गं?" विचारून झालं की त्या हनुवटी किंचित वर करतात, श्वास घेतात आणि उजव्या हाताच्या अंगठीने बाकावर टक् करतात. त्यासरशी अख्खं चर्च तोंड उघडतं. ढोलकीवाला माझा शाळेपासूनचा दोस्त, पण तोसुद्धा त्या टक्‌वरच येतो. म्हणून हल्ली मी हातवारे सोडून दिले. मावशींच्या हनुवटीवर नजर ठेवतो, ती वर जायला लागली की झटकन "एक, दोन, तीन" म्हणून घेतो. मागे एकदा उपासना सुटल्यावर कमिटीच्या सेक्रेटरींनी पाठ थोपटली. म्हणाले, "आता बसली बरं का तुझी मंडळीवर पकड!"

सुरुवात जमली तरी गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत रेंगाळतंच. यात भक्तीपेक्षा भौतिकशास्त्राचा हात जास्त आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चर्च तीसेक मीटर लांब असेल तर पुढचा सूर शेवटच्या बाकावर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोचतो. मागचे तो ऐकून गातात, त्यांचा आवाज पुढे यायला तेवढाच वेळ घेतो, वर दगडी भिंती तो घोळवत बसतात. पुढच्यांना वाटतं आपणच घाई केली, म्हणून ते थांबतात. ते थांबले म्हणून मागचे थांबतात. अशी एकमेकांची वाट बघत बघत मंडळी आमेनपर्यंत येते, तेव्हा घड्याळ बरंच पुढे गेलेलं असतं. वेळ भरून काढायला संदेश कापला जात नाही. कापली जातात ती माझी शेवटची दोन गाणी. या दुखण्यावर ढोलकीचंही औषध पुरतं लागू पडत नाही. तिची थापही मागच्या बाकापर्यंत सुराइतकीच उशिरा पोचते, आणि दगडी भिंती तिलाही घोळवत बसतात.

दुसरी सत्ता पडद्याची. प्रोजेक्टर आल्यापासून गाण्याचे शब्द भिंतीवर दिसतात, आणि लॅपटॉपवर सातवीतला एक मुलगा बसतो. त्याचं लक्ष गाण्याकडे असतं तोवर ठीक. पण मी भावनेच्या भरात डोळे मिटून ध्रुपद पुन्हा घेतलं आणि तेवढ्यात त्याच्या बोटाला खाज सुटली, तर मी ध्रुपदावर, पडदा तिसऱ्या कडव्यावर आणि मंडळी पडद्याबरोबर. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या चर्चमधून पुस्तकं कमी आणि वाचता येणारे त्याहून कमी, म्हणून चर्चचा कारकून एकेक ओळ मोठ्याने सांगायचा आणि लोक ती मागून गायचे. तो कारकून काय तो खरा पुढारी! आज त्याची गादी आमच्या सातवीतल्या पोराकडे आहे. त्याला मी उपासनेआधी नेमाने एक चॉकलेट देतो. संडेस्कूलच्या बाई याला लाच म्हणतात. मी याला संघबांधणी म्हणतो.

पट्टीचं राजकारण वेगळंच. पुरुषांचा गळा काळी एक-दोनमध्ये रमतो, बायकांचा काळी चार-पाचमध्ये. नेत्याने मध्यममार्ग काढावा म्हणतात. गाण्यात मध्यममार्ग म्हणजे दोघांनाही न झेपणारी पट्टी. त्यात तरुण मंडळी यूट्यूबवरून जे गाणं आणतात त्याचा गायक कुठल्या तरी तिसऱ्याच उंचीवर असतो. शेवटी निर्णय पेटीवाले मामा देतात. त्यांच्या पेटीची एक पट्टी दाबली की खालीच बसते, नखाने उचलावी लागते. ती पट्टी ज्या स्वरात लागत नाही तेवढेच स्वर देवाला प्रिय आहेत, असं मामांचं मत आहे, आणि मामा चर्चमध्ये माझ्या बाबांच्याही आधीपासून वाजवत आहेत.

फार खचायला झालं की मी बाखची आठवण काढतो. योहान सेबास्टियन बाख, पाश्चात्त्य संगीताचा पितामह वगैरे. पण १७०३ साली तो अठरा वर्षांचा होता आणि जर्मनीतल्या आर्नस्टाट नावाच्या गावात चर्चचा ऑर्गनवादक म्हणून नुकता लागला होता. म्हणजे पदाने जवळपास आमच्यातलाच. पोरांच्या गायकवृंदाशी त्याचं पटेना. 'बसून' नावाचं वाद्य वाजवणाऱ्या एकाला त्याने शेलकी शिवी दिली, तो रात्री काठी घेऊन आडवा आला, आणि बाखने कट्यार उपसली. लोकांनी सोडवलं. मग साहेबांनी चार आठवड्यांची रजा काढली आणि बुक्स्टेहूडं या थोर वादकाला ऐकायला पायी ल्यूबेकला गेले. परतले चार महिन्यांनी. १७०६ साली चर्चच्या वरिष्ठांनी समोर बोलावून झाडाझडती घेतली: इतके दिवस होतास कुठे? आणि गीतांच्या चालीत हे असले विचित्र स्वर कशाला घुसडतोस, मंडळी गोंधळते! पूर्वी तो फार लांबलचक वाजवायचा. त्यावरून बोलणी बसली तेव्हा लगेच फारच थोडकं वाजवायला लागला, ही तक्रारही त्याच बैठकीत निघाली. मी हे सगळं वाचलं तेव्हा आमच्या कमिटीच्या मीटिंगचा वृत्तांत जर्मनीत कसा गेला, असा क्षणभर भ्रम झाला. फरक इतकाच की आमच्याकडे कट्यार अजून कोणी आणलेली नाही.

बाखचं निदान निभावलं. फ्रान्सच्या राजदरबारातला लुली १६८७ सालच्या जानेवारीत स्तुतिगीताचा कार्यक्रम चालवत होता. त्या काळी ताल जमिनीवर जड काठी आपटून देत. काठी पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली, आणि नाचणारा माणूस म्हणून त्याने पाय कापून घ्यायला नकार दिला. मार्चमध्ये गेला बिचारा. ही गोष्ट मी आमच्या ढोलकीवाल्याला सांगितली. तो म्हणाला, "म्हणूनच ताल नेहमी बसून द्यावा."

कमिटीवरून आठवलं. आम्ही ड्रमसेट मागितला तेव्हा ज्येष्ठांनी विचारलं, "हे चर्च आहे की ऑर्केस्ट्रा?" आपली पेटी काय वाईट आहे, असंही विचारलं. आता पेटी मूळची युरोपातली; आकाशवाणीने १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून परकी म्हणून हाकलली होती. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या विलायती चाली आमचे आजोबा परंपरा म्हणून जपतात. आणि ना. वा. टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, तुकोबाच्या घराण्यातला अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणलं, ते आमच्या तरुण संघाला जुनाट वाटतं. कोण कुणाचं देशी आणि कुणाचं नवं, याचा निकाल लावायला बसलं तर नाताळ उजाडेल. मी ठरावाचा मसुदा असा लिहिला: "ड्रमसेट घेऊ नये, मात्र तालवाद्यांची सोय व्हावी." एकमताने मंजूर झाला. सगळ्यांना वाटलं आपणच जिंकलो. नेतृत्वावरची जाडजूड पुस्तकं जे चारशे पानांत सांगतात ते यापेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

शास्त्रातही गाणाऱ्यांचे हाल कमी नाहीत. दावीद शौलासमोर वीणा वाजवत होता आणि श्रोत्याने त्याच्यावर भाला फेकला. दावीद दोनदा चुकवून निसटला. आमचे श्रोते फार तर मोबाइल काढतात. पुढे हाच दावीद राजा झाल्यावर देवाच्या घरासाठी गाण्यात तयार अशी २८८ माणसं नेमली गेली आणि कामाच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या गेल्या; गुरू आणि शिष्य एकाच डब्यात. (आमच्या चपलेच्या पद्धतीपेक्षा हे बरं.) पण माझा लाडका प्रसंग यहोशाफाट राजाचा. त्याने युद्धात सैन्याच्या पुढे गाणारे चालवले. हत्यार नाही, ढाल नाही, नुसती स्तुती. शत्रू आपसातच लढून संपले. गाणं सुरात होतं की नाही याची इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात नोंद नाही. पण शत्रूची जी गत झाली त्यावरून मला शंका येते.

सगळ्यात वरचा अधिकार मात्र शिपाईमामांचा. माईक, ॲम्प्लिफायर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं एका कपाटात, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. पाळकसाहेब बदलतात, कमिटी निवडणुकीत उलटते, किल्ली तिथेच असते. सरावाची वेळ मी व्हॉट्सॲपवर सहाची टाकतो, सगळे हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि सातला येतात. एकटे शिपाईमामा पावणेसहाला हजर असतात, म्हणून खरं तर सरावाची वेळ तेच पाळतात असं म्हणायला हवं.

आणि दफनविधीला तर माझी गरजच नसते. कबरस्तानात ना माईक, ना पडदा, ना पेटी. गिटार नेणं बरं दिसत नाही. कोणी तरी मागून पहिली ओळ उचलतं, बहुधा त्याच मावशी, आणि बघता बघता सगळे गायला लागतात. पट्टी आपोआप बसते, पुरुष खालच्या सप्तकात, बायका वर, कोणाला विचारावं लागत नाही, आणि लय एकदाही सुटत नाही. मी बाकीच्यांसारखाच माती टाकायच्या रांगेत उभा राहून गातो. खरं सांगायचं तर वर्षभरातलं आमच्या मंडळीचं सर्वांत चांगलं गाणं तिथेच होतं.

आता कामाचं. आमचा ढोलकीवाला सुप्याच्या एमआयडीसीत लागला आहे आणि त्याची रविवारची पाळी पहिली असते. तेव्हा वाचकांपैकी कोणाला ढोलकी वाजवता येत असेल तर रविवारी सकाळी नऊच्या आत यावं. मानधन नाही, उपासनेनंतर चहा आहे. ताल मी देईनच, पण लक्ष पहिल्या बाकावर ठेवा.